जैसलमेरला फोटोशूटला निघालाय? मोकळी जागा म्हणजे खासगी जागा नव्हे

तालुका प्रतिनिधी

पंधरा दिवसांपूर्वी रात्री नऊच्या सुमारास शेजारच्या गावातून एका ओळखीच्या शेतकऱ्याचा फोन आला. "दादा, तुम्ही मागच्या जानेवारीत भाच्यासंगं जैसलमेरला गेला होता ना? आमच्या पोरीला मॉडेलिंगचे फोटो काढायला तिकडं न्यायचं म्हणतेत. फोटोग्राफर म्हणतोय, वाळवंटात एकदम प्रायव्हेट जागा आहे, चिटपाखरू नसतं. आता चिटपाखरू नसतं हे चांगलं का वाईट, तेवढं सांगा."

प्रश्न सरळ होता, पण उत्तर द्यायला मला अर्धा तास लागला. तेच इथं लिहितोय, कारण आता हा प्रश्न एका घराचा राहिलेला नाही. तालुक्याच्या गावातले स्टुडिओवाले लग्नाआधीचे फोटो काढायला जोडप्यांना राजस्थानात नेतात. मॉडेलिंगचा पोर्टफोलिओ करायला मुलं-मुली जातात. माझ्या भाच्याचा स्टुडिओ आहे, गाडी चालवायला आणि सामानाजवळ बसायला घरचा माणूस हवा म्हणून त्यानं मला नेलं होतं. कांदा निघाला होता, मीही गेलो.

जैसलमेरच का, तर तिथला दगडच पिवळा. 1156 साली रावल जैसल यानं वसवलेलं हे शहर, त्याचा किल्ला, हवेल्या, साधी घरंसुद्धा त्याच दगडाची. ऊन कललं की सगळं सोन्यासारखं दिसतं. सत्यजित राय यांनी 1974 मध्ये 'सोनार केल्ला' हा सिनेमा याच किल्ल्यावर काढला. त्याआधी 1971 साली आलेल्या सुनील दत्त यांच्या 'रेश्मा और शेरा'चं चित्रीकरण याच भागातल्या वाळूत झालं होतं. शहराबाहेर 40 किलोमीटर गेलं की वाळूच्या टेकड्या, ज्यांना तिथले लोक धोरे म्हणतात. दोन-तीन दिवसांत किल्ला, हवेली, वाळू, उंट, पडकं गाव असं सगळं एका फेरीत मिळतं. मुंबईच्या बांद्र्याहून जोधपूरला रोज गाडी आहे, तिथून पुढं जैसलमेर पाच-सहा तास.

माणसंही तिकडं विरळच. 2011 च्या जनगणनेत जैसलमेर जिल्ह्यात एका चौरस किलोमीटरला 17 माणसं होती. आपल्या सोलापूर जिल्ह्यात तोच आकडा 290. त्यामुळं नवीन माणसाला वाटतं, गाडी रस्त्यावरनं खाली घातली, दोन टेकड्या ओलांडल्या, की झाली खासगी जागा. इथंच फसायला होतं.

पहिल्या दिवशी आमचं काय झालं

आमच्याबरोबर मॉडेल म्हणून एक मुलगी होती, तिची थोरली बहीण सोबत होती. ड्रायव्हर तिथलाच घेतला होता. त्यानं दुपारी चारच्या पुढं आम्हाला समच्या धोऱ्यांवर नेलं. समला संध्याकाळी आपल्याकडच्या जत्रेसारखी गर्दी असते. उंटवाले, जीपवाले, पतंग उडवणारी पोरं, तंबूंच्या कॅम्पातून मोठ्यानं गाणी. भाच्यानं कॅमेरा काढेपर्यंत दहा-पंधरा मोबाईल त्या मुलीकडं वळले होते. कपडे बदलायला जागा नाही. बहिणीनं गाडीच्या काचांना चादर लावली, तरी दोन पोरं गाडीभोवती घुटमळत होती. अर्ध्या तासात मुलगी म्हणाली, "मला नाही काढायचे फोटो." तिचं काही चुकलं नव्हतं.

मग ड्रायव्हर म्हणाला, वरचे पैसे द्या, प्रायव्हेट धोऱ्यावर नेतो. रस्ता सोडून गाडी आत घातली. तीन-चार किलोमीटर गेलो असू, तेवढ्यात मोटरसायकलवरनं दोघं आले. एक वनखात्याचा. परवाना कुठाय म्हणाला. ड्रायव्हरनं खाली मान घातली. आम्ही माफी मागून परत फिरलो, वरचे पैसे मात्र ड्रायव्हरनं ठेवून घेतले. 'प्रायव्हेट' म्हणून दाखवलेली जागा अभयारण्यात होती.

रिकामी दिसली तरी जागा कुणाची तरी असते

वाळवंट बघून आपल्याला वाटतं ही पडीक जमीन, हिला कोण विचारतंय. पण शेतकऱ्याला हे पटायला नको. मागच्या वर्षी माझ्याच सूर्यफुलात एक जोडपं, फोटोग्राफर आणि लाईट धरणारा पोरगा असे चौघं घुसले होते. दोन सऱ्या आडव्या केल्या आणि वर मलाच म्हणाले, "काका, जरा बाजूला व्हा, फ्रेममध्ये येताय." त्यांनाही ते रान मोकळंच वाटलं असणार.

जैसलमेरच्या आजूबाजूची जमीन ढोबळ मानानं पाच प्रकारची आहे आणि प्रत्येकीचा नियम वेगळा.

पहिली वनखात्याची. डेझर्ट नॅशनल पार्क म्हणजे 3162 चौरस किलोमीटरचं संरक्षित क्षेत्र. सम आणि खुरी ही दोन्ही गाजलेली ठिकाणं त्याला लागूनच आहेत. जागेवर कुंपण दिसत नाही, म्हणून कुठं हद्द सुरू झाली ते बाहेरच्याला कळत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात फोटो काढायलासुद्धा परवाना लागतो. आणि यामागं कारण आहे. चिटपाखरू नसतं म्हणतात त्या जागेत नेमकं एक पाखरू असतं, आपला माळढोक. तिकडं त्याला गोडावण म्हणतात. आपल्या नान्नजला ज्याच्यासाठी अभयारण्य केलं तोच पक्षी. आपल्याकडं आता तो दिसणं मुश्किल झालंय, देशात उरलेत त्यातले बहुतेक जैसलमेरकडंच आहेत. त्याची मादी साधारण एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. रस्ता सोडून पळवलेल्या जीपखाली काय जाईल ते सांगता येत नाही.

दुसरी जमीन लष्कराची आणि सीमेची. जिल्ह्याची पश्चिम बाजू पाकिस्तानला लागून आहे. तनोटचं मंदिर आणि 1971 च्या लढाईचं लोंगेवाला इथं पर्यटक जातात, त्यात अडचण नाही. पण त्या पट्ट्यातली बरीच गावं अधिसूचित आहेत, तिथं बाहेरच्या माणसाला प्रशासनाच्या परवानगीशिवाय फिरता येत नाही. कॅमेरा, ट्रायपॉड, मोठ्या बॅगा घेऊन चार अनोळखी माणसं दिसली तर चौकशी होणारच, व्हायलाच पाहिजे. पोखरण आणि चांदनच्या बाजूला गोळीबाराच्या सरावाच्या रेंज आहेत. असल्या भागात वाळूत पुरलेली लोखंडी वस्तू दिसली तर हात लावू नका, फोटोसाठी सुद्धा नाही. शिवाय सीमेकडं मोबाईलची रेंज जाते. रेंज नसलेल्या ठिकाणी मुलीला घेऊन शूट ठेवणाऱ्या माणसाला मी तरी फोटोग्राफर म्हणणार नाही.

तिसरी गावाची जमीन. गोचर म्हणजे आपलं गायरान, आणि ओरण म्हणजे आपली देवराई समजा. देवाच्या नावानं राखलेली, तिथलं झाड तोडत नाहीत, जनावरं चरतात. कुठली कुठली ओरण हजारो बिघ्यांची असते. बाहेरच्याला ती माळरानासारखी दिसते. तिथं तोकड्या कपड्यांतला शूट सुरू केला तर गाव गोळा होतं, आणि गावाची बाजू बरोबर असते. आपल्या देवराईत कुणी असं केलं तर आपण काय करू, त्याचा विचार करा.

चौथी सरकारी स्मारकं. किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडं आहे, 2013 पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतही आहे. पण तो रिकामा किल्ला नव्हे, आत आजही हजारो माणसं राहतात. लोकांच्या दारात, त्यांच्या ओट्यावर पोझ द्यायची तर आधी विचारायला लागतं. मोबाईलवर साधा फोटो काढला तर कोणी काही म्हणत नाही. ट्रायपॉड, लाईट, कपडे बदलून मॉडेलचा शूट म्हटलं की परवानगीचा विषय येतो. कुलधरा हे शहरापासून 17-18 किलोमीटरवरचं पालीवाल ब्राह्मणांचं ओस गाव. एकोणिसाव्या शतकात रिकामं झालं म्हणतात, दिवाण सालिमसिंहाच्या जाचाची गोष्ट तिथला प्रत्येक गाईड सांगतो. पडक्या भिंतींमुळं फोटो चांगले येतात, पण तिथं तिकीट आहे, राखणदार आहे आणि दिवस मावळला की बंद. आडोशाला भिंत आहे म्हणून कपडे बदलायला जाऊ नका, त्याच भिंतीच्या पलीकडं दुसरा पर्यटक असतो.

पालीवालांचं एक सांगायलाच पाहिजे, शूटशी संबंध नसला तरी. इतक्या कमी पावसात ही माणसं खडीन करून गहू-हरभरा पिकवायची. उताराचं पाणी आडवा बांध घालून अडवायचं, ते जिरलं की त्याच ओलीवर रब्बी पेरायची. आजही काही खडिनांत पीक उभं असतं. मी फोटो काढले ते तेवढेच.

खरी खासगी जागा कुठं मिळते

पाचवी जमीन खातेदाराची, म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्या माणसाच्या नावावरची. काम इथंच होतं. आपल्याकडं सातबारा तशी तिकडं जमाबंदी. राजस्थान सरकारच्या 'अपना खाता' या वेबसाईटवर गाव आणि खसरा नंबर टाकला की मालकाचं नाव दिसतं. कुणी "ही माझी जागा" म्हणून पैसे मागत असेल तर खसरा नंबर विचारा. मालक असेल तो सांगतो, दलाल असेल तो विषय बदलतो.

आमचं काम दुसऱ्या दिवशी खुरीत झालं. खुरी हे शहराच्या नैऋत्येला 40-45 किलोमीटरवरचं गाव, समपेक्षा शांत. तिथं बऱ्याच घरांनी पाहुण्यांसाठी खोल्या केल्यात. हॉटेलच्या म्हाताऱ्या राखणदारानं एका घराचा नंबर दिला. त्या घराच्या मागं त्यांचंच शेत, शेताच्या कडेला एक बारका धोरा. समच्या टेकड्यांपुढं काहीच नाही, पण फोटोला धोरा केवढा मोठा लागतो? कॅमेरा खाली ठेवला की दोन पुरुष उंचीचा उतारसुद्धा डोंगर दिसतो. मुलीला कपडे बदलायला कडी असलेली खोली मिळाली. घरची सासू आणि सून दोघी शूट होईपर्यंत तिथंच बाजरीच्या भाकरी करत होत्या. मालकानं पोरांना सांगितलं, इकडं कोणी यायचं नाही, आणि कोणी आलं नाही. तीन तासांचे दोन हजार रुपये दिले, चहा-भाकरी त्यातच. हा आमचा सौदा, दर सीझनप्रमाणं बदलतो.

काय बोलणं झालं ते भाच्यानं आदल्या रात्रीच व्हॉट्सॲपवर लिहून पाठवलं होतं. किती वाजता, किती तास, किती माणसं, कपडे कशा प्रकारचे असतील, किती पैसे. कपड्यांचं लिहिलेलं बघून मला अवघडल्यासारखं झालं. भाचा म्हणाला, "मामा, आधी सांगितलं तर तो नाही तरी म्हणू शकतो. तिथं गेल्यावर नाही म्हणाला तर भांडण होतं." पोरगं शहाणं आहे.

वाळूच पाहिजे असा हट्ट नसेल तर छपराखालची जागा आणखी सोपी. शहरात जुन्या हवेल्यांची हॉटेलं झालीत. त्यांची गच्ची किंवा आतला चौक सकाळी दोन तासांसाठी ठरवून मिळतो. वर कमानी, समोर किल्ला, दाराला कुलूप. फक्त आजूबाजूच्या गच्च्या बघून घ्या, जैसलमेरात घरं दाट आहेत आणि आपल्या गच्चीवर काय चाललंय ते शेजारच्या तीन गच्च्यांवरनं दिसतं. शहराच्या उत्तरेला सहा किलोमीटरवर बडा बाग म्हणून राजघराण्याच्या छत्र्या आहेत, तिथं तिकीट आहे. गर्दी कमी, पण आडोसा नाही, आणि मागं पवनचक्क्या फोटोत येतातच. त्या काढायला भाच्याला कॉम्प्युटरवर दोन रात्री बसावं लागलं. नहराच्या पाण्यावर मोहनगढच्या बाजूला आता मोहरी, जिरं होतं. जानेवारीत मोहरी फुलावर असते. शेतमालकाला विचारून बांधावर उभं राहून फोटो काढता येतात. बांधावर, पिकात नाही.

वेळ साधली तर गर्दी नसते

जागा दूर शोधण्यापेक्षा वेळ लवकरची शोधा. धोऱ्यांवर संध्याकाळी झुंबड असते, पहाटे कोणी नसतं, कारण कॅम्पातले लोक रात्रीच्या गाण्याबजावण्यानंतर झोपलेले असतात. शिवाय रात्रीच्या वाऱ्यानं आदल्या दिवशीची पावलं पुसली जातात, वाळूवर लाटांसारख्या रेघा उमटतात. फोटोग्राफरला ह्याच रेघा पाहिजे असतात. नऊनंतर ऊन डोक्यावर आलं की वाळू सपाट दिसायला लागते.

जैसलमेर आपल्यापेक्षा बरंच पश्चिमेला आणि उत्तरेला. जानेवारीत आपल्याकडं सातला सूर्य दिसतो, तिकडं साडेसातच्या आसपास. म्हणजे सहाला खोलीत तयार, सातला वाळूवर. त्या वेळी थंडी आठ-दहा अंशांवर असते, मुलीला पातळ कपड्यांत उभं करताय तर शाल, गरम चहा आणि दर पाच मिनिटांनी विश्रांती द्या. ऑक्टोबर ते मार्च हाच काळ बरा. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, तेव्हा कुणी स्वस्तात नेतो म्हणाला तरी जाऊ नका.

वाळू कॅमेऱ्यात जाते. लेन्स वाऱ्यात बदलू नये. मोबाईलच्या चार्जिंगच्या भोकात सुद्धा जाते, माझा फोन अजून नीट चार्ज होत नाही.

ड्रोनचं तर नावच काढू नका. शहराजवळ हवाई दलाचा तळ, पलीकडं सीमा. सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर लाल भाग दिसतो तिथं केंद्राच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. लग्नात उडवतो तसा इथं उडवला तर ड्रोन जाईलच, वर पोलीस ठाण्यात दिवस जाईल.

घरच्यांनी काय विचारायचं

आता त्या वडिलांच्या प्रश्नाकडं येतो. चिटपाखरू नसणं चांगलं का वाईट? मी त्यांना सांगितलं, बघणारं कोणी नसावं, पण हाकेला धावणारं कोणी तरी असावं. ही दोन्ही कामं एकच माणूस करतो, जागेचा मालक. म्हणून फोटोग्राफरला पहिलं हे विचारा की जागा कुणाची, आणि त्या मालकाचा नंबर द्या. दुसरं, मुलगी कपडे कुठं बदलणार. "गाडीत" किंवा "बघू तिथं" हे उत्तर नव्हे. तिसरं, तिच्या बाजूचं कोण बरोबर असणार. यावर जो चिडतो त्याच्याबरोबर पाठवू नका. चांगला फोटोग्राफर चिडत नाही, कारण त्यालाही उद्या आरोप नको असतो.

खोलीत गेल्यावर आधी दार-खिडकीची कडी, मग आरशाच्या, चार्जरच्या, पंख्याच्या आजूबाजूला काही कॅमेऱ्यासारखं नाही ना, एवढं बघायला दोन मिनिटं लागतात. कपडे बदलताना बाईला चोरून पाहणं किंवा तिचा फोटो-व्हिडिओ काढणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे, पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं शिक्षा. आणि बऱ्याच जणांना माहीत नसतं ते हे की, असा फोटो काढायला तिनं हो म्हटलं असलं, पण दुसऱ्याला दाखवायला हो म्हटलं नसलं, तरी तो पसरवणं याच कलमात येतं. अडचण आली तर 112. फोटो ऑनलाईन टाकून पैसे मागत असेल तर 1930. मुलगी अठरा वर्षांच्या आतली असेल तर आई किंवा बाप बरोबर असल्याशिवाय असा शूट ठेवूच नये.

मुलीनं स्वतःच्या मोबाईलचं लोकेशन घरी चालू ठेवावं. आणि आदल्या रात्रीच मालकाच्या घरातल्या एखाद्या बाईशी फोनवर बोलून घ्यावं. भाषेची अडचण येत नाही, मोडक्यातोडक्या हिंदीत होतं.

परवा त्या वडिलांचा पुन्हा फोन आला. फोटोग्राफर आधी जरा फुरंगटला, मग त्यानं खुरीच्याच एका घरमालकाचा नंबर दिला. यांनी स्वतः बोलून घेतलं. तिकडचा माणूस पण शेतकरी निघाला, दोघं वीस मिनिटं जिऱ्याच्या भावावर बोलत बसले. मुलीसोबत तिची आत्या जाणार आहे. तिकिटं मात्र अजून वेटिंगला आहेत.